शनिवार, रविवार आणि देशाचं नाव

आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम कोणतं? कोड लिहिणं नव्हे, नाव ठेवणं. साध्या व्हेरिएबलच्या नावावरून आम्ही तासभर भांडतो. मग अख्ख्या देशाचं नाव कसं ठरलं असेल?

मी मूळचा नांदेडचा, आजोळ लातूर. १७ सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे मुक्तिसंग्राम दिन, शाळेत झेंडावंदन. १९४८ साली याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. पण बरोबर एक वर्षाने, १७ सप्टेंबर १९४९ ला, दिल्लीत काय चाललं होतं हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत कलम १ चा नवा मसुदा मांडला : ‘इंडिया, दॅट इज, भारत’. मूळ मसुद्यात नुसतं ‘इंडिया’ होतं. चर्चा दुसऱ्या दिवशीवर गेली. वार रविवार! (वीकेंडला काम आम्हीच करतो असं वाटायचं.) ह. वि. कामत यांनी आयर्लंडच्या घटनेचा दाखला देत ‘भारत’ आधी घ्या म्हटलं. सेठ गोविंददास पुराणांपासून ह्युएनत्संगापर्यंत फिरून आले. कमलापती त्रिपाठी इतिहासात रंगले, तेव्हा बाबासाहेबांनी मध्येच विचारलं, हे सगळं हवंय का? बरंच काम पडलंय. अगदी आमच्या मॅनेजरसारखं! शेवटी हात वर करून मतं घेतली. कामतांची दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ अशी पडली.

आता खरी गोष्ट. त्या ८९ हातांत आमचा एकही हात नव्हता. हैदराबाद संस्थानाच्या वाट्याच्या जागा रिकाम्याच होत्या. संस्थानात तेव्हा लष्करी राजवट होती. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून घटना स्वीकारली. म्हणजे ज्या देशात येण्यासाठी स्वामी रामानंद तीर्थांनी आणि गावोगावच्या लोकांनी तुरुंग भोगला, त्याच्या नावावर त्यांचं मत कुणी विचारलंच नाही. आणि होकार दिला तो कुणी? ज्याच्याविरुद्ध लढले त्याने!

गंमत म्हणा की खंत. पण मला वाटतं, आमच्या लोकांनी आपलं मत आधीच नोंदवलं होतं. निजामाच्या राज्यात बंदी असतानाही तिरंगा लावून. फक्त ते मोजायला कुणी नव्हतं.

यंदा १७ तारखेला झेंडावंदनाला गेलात तर १८ तारखेचीही आठवण काढा.