धूर साडेबाराला दिसला होता

आग लागल्यावर काय करायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. आग लागायच्या आधी कुणी कुणाला काय सांगायचं, हे मात्र शिकवावं लागतं. न शिकवण्याची किंमत मुंबईने कशी मोजली, त्याचा हा घटनाक्रम.

२४ फेब्रुवारी १९४४. युद्धाचे दिवस. इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून ‘फोर्ट स्टिकीन’ हे ७,१४२ टनी मालवाहू जहाज निघालं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, लढाऊ विमानं आणि सोन्याच्या विटा.

कराची. जहाजात रिकामी जागा झाली, ती कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, वंगणाचं तेल आणि लाकूड यांनी भरली. दोन नंबरच्या होल्डमध्ये खाली कापूस, त्याच्या वर स्फोटकं. चुलीवर फडताळ लावावं, तशी ही रचना. चूक इथेच झाली. पुढे उरली ती फक्त ठिणगीची वाट.

१२ एप्रिल. जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये धक्क्याला लागलं. स्फोटकं असल्याची खूण म्हणून डोलकाठीवर लाल बावटा चढवायला हवा होता. तो चढला नाही. शेजारच्या जहाजांना आपण कशाच्या कुशीत उभे आहोत, याचा पत्ता नव्हता.

१३ एप्रिल. माल उतरवायला सुरुवात झाली. स्फोटकांचा मोठा साठा आतच राहिला.

१४ एप्रिल, शुक्रवार, दुपारी १२.३०. जेवणाची सुट्टी. शेजारच्या जहाजावरच्या माणसांना ‘फोर्ट स्टिकीन’मधून धुराची बारीक रेघ वर जाताना दिसली. कुणीच कुणाला कळवलं नाही. त्या क्षणी ती आग अजून कापसाची होती, दारूगोळ्याची नव्हती.

१.३०. कामगार परतले.

२.०० च्या सुमारास. होल्डमधून धूर येतोय, हे जहाजावर पहिल्यांदा कळलं. दीड तास वाया गेला होता. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. पण धूर इतका दाट, की आगीचं मूळ सापडेना.

२.३० नंतर. दारूगोळा खात्याच्या अधिकाऱ्याने धोका स्पष्ट सांगितला : हे पेटलं, तर अख्खी गोदी जाईल. मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे जहाज बुडवा, कुणी म्हणे समुद्रात ओढून न्या, कुणी म्हणे आग विझेल. प्रत्येकजण आपापल्या परीने अनुभवी. अंतिम शब्द कुणाचा, हे मात्र आधी ठरलेलं नव्हतं.

३.०० नंतर. जवळजवळ ९०० टन पाणी आत गेलं. जहाजाच्या पोटात ते उकळू लागलं. जळत्या गाठी पाण्याबरोबर तरंगत वर, स्फोटकांच्या जवळ सरकत होत्या. विझवणारं पाणीच आग वर उचलत होतं.

३.५०. जहाज सोडण्याचा हुकूम. अग्निशमन दलाचे जवान नळ धरून होते.

४.०६. पहिला स्फोट. जहाजाचे दोन तुकडे झाले. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर धक्का नोंदला गेला.

अर्ध्या तासाने. दुसरा स्फोट. जळता कापूस आणि तापलेलं लोखंड आसपासच्या वस्त्यांवर कोसळलं. शेकडो माणसं गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले आणि ढिगारे उपसायला सात महिने. चौकशीत कारण निघालं ते बहुधा विडी-सिगारेटचं एक थोटूक.

त्या ६६ जणांच्या स्मरणार्थ देशभर दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. पण थोटकावर खापर फोडून आपण मोकळे झालो, तर त्यांची आठवण अर्धीच राहते. थोटूक कुठेही पडतं. त्याच्याखाली कापूस आणि त्यावर दारूगोळा कुणी ठेवला, बावटा का चढला नाही, धूर पाहणाऱ्याला तो कुणाला सांगायचा हे का माहीत नव्हतं, हे खरे प्रश्न.

आज आपल्या महामार्गांवर गॅस आणि रसायनांचे टँकर धावतात. त्यांच्या चालकांना सुरक्षित वाहतुकीचं प्रशिक्षण नियमाने सक्तीचं आहे. टँकरवरची धोक्याची पाटी म्हणजे आजचा लाल बावटा. केबिनमधल्या कार्डावर गळती झाली तर काय करायचं, ते लिहिलेलं असतं. चालक, क्लीनर, माल भरणारा हमाल, गोदामाचा पहारेकरी, या प्रत्येकाला ती पाटी वाचता आली पाहिजे आणि धूर दिसताच कुणाला हाक मारायची, हे तोंडपाठ असलं पाहिजे. प्रशिक्षणाचे तास कागदावर भरून प्रमाणपत्र वाटणारा माणूस त्या दुपारचा साडेबाराचा तास पुन्हा वाया घालवत असतो.