रामसे भयपट

फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेले रेडिओ-व्यावसायिक फतेहचंद रामसे व त्यांचे सात मुलगे यांनी अल्पखर्चात काढलेले हिंदी भयपट. ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ (१९७०) आपटला. पण त्यातील मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या चोरीच्या प्रसंगाने प्रेक्षक दचकले आणि कुटुंबाला भयपटांची दिशा सापडली. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरात चित्रित झाला. छायाचित्रण गंगू, ध्वनी किरण, तर दिग्दर्शन तुलसी व श्याम या मुलांचे. ‘पुराना मंदिर’ (१९८४) गाजला. पुढे मात्र तीच हवेली, तोच धूर, तोच रबरी मुखवटा आणि ओढूनताणून घातलेले विनोद यांमुळे प्रेक्षकांची निराशा झाली. तोकड्या पैशांपेक्षा तोकडी कथाच भयपटाला मारक ठरते.