भामरागडच्या रानाची राखण

अभयारण्य हा शब्द उच्चारला कीं आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें आफ्रिकेंतील सेरेंगेटीचें माळरान उभें राहतें. जवळचें कांहीं पाहावयाचें झालें, तर तो चंद्रपुराहून ताडोबास जातो. १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालेलें ताडोबा प्रेक्षणीय आहे, यांत संशय नाहीं. परंतु त्याच चंद्रपुराहून आग्नेयेस, आलापल्लीवरून एटापल्ली व भामरागड यांकडे जाणारी वाट फारच थोडे प्रवासी धरितात. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या जेथें एकत्र येतात, त्या भामरागडच्या परिसरांत १९९७ सालीं जाहीर झालेलें, सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य आहे. तेथें वाघ दिसेलच असें आश्वासन कोणी देत नाहीं. आमच्या मतें तेथें पाहण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. एवढें मोठें रान इतकीं वर्षें कोणीं राखलें आणि कसें राखलें, याचा इतिहास त्या वाटेवर जागोजागीं उभा आहे.

हा मुलूख पूर्वीं अहेरीच्या गोंड जमीनदारीचा. चांदा जिल्ह्यांतील जमीनदाऱ्यांत ती सर्वांत मोठी. १८५४ सालीं नागपूरकर भोसल्यांचें राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजांकडे गेला. पुढें चारच वर्षांनीं, २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं, या रानांच्या आश्रयानें इंग्रजांशीं लढलेल्या बाबुराव शेडमाके यांस चांद्यास फांशी देण्यांत आलें. तोंवर रान हें माणसांचें आश्रयस्थान होतें; पुढें सरकारच्या लेखीं तें इमारती लांकडाची कोठी झालें. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनीं ‘राखीव जंगल’ ही कल्पना देशांत रूढ केली. रान तोडून, जाळून, त्या राखेंत बीं टाकण्याच्या शेतीस माडिया लोक ‘पेंडा’ म्हणतात. तीवर वनखात्याची वक्रदृष्टि वळली. राखणें हें क्रियापद मराठींत फार जुनें. पण शेत राखणारा आणि शेताचा धनी हे बहुधा एकाच घरचे असत. राखीव जंगलांत मात्र राखणारा एक आणि राहणारा दुसरा, अशी फारकत झाली. तिचा परिणाम इंद्रावतीपलीकडे बस्तर संस्थानांत १९१० सालीं दिसला. ‘भूमकाल’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्या उठावाच्या कारणांत जंगलें राखीव करणें हें एक प्रमुख कारण होतें. ज्या सेरेंगेटीचें आपण कौतुक करितों, तेथूनहि मसाई गुराख्यांस १९५९ सालीं बाहेर पडावें लागलें.

तथापि सरकारी राखण सर्वस्वी वाईट होती, असें म्हणणें अन्यायाचें होईल. आलापल्लीजवळील प्रचंड साग आज उभे आहेत, ते १९५३ सालीं तो तुकडा न तोडतां जतन करण्याचें ठरलें म्हणून. २०१४ सालीं त्यास जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळाला. रानम्हैस हा प्राणी महाराष्ट्रांत आतां एवढ्याच भागांत उरला आहे. तिच्यासाठीं सिरोंचा वनविभागांतील कोलामार्काचें रान २०१३ सालीं संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालें.

पण कायद्याहूनहि बळकट असें एक कुंपण येथें होतें, आणि तें म्हणजे दुर्गमता. पावसाळ्यांत पर्लकोटेस पूर आला कीं भामरागडचा बाहेरच्या जगाशीं संबंध अनेकदां तुटे. या कुंपणानें झाडें वांचलीं, परंतु माणसांस डॉक्टर मिळाला नाहीं. १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हां कुठें तेथें औषधोपचाराची सोय होऊं लागली. म्हणून ‘हें रान असेंच अज्ञात राहो’ असें शहरांतल्या आरामखुर्चींत बसून म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

तें कुंपण आतां मोडत चाललें आहे. एटापल्ली तालुक्यांत सुरजागडचा डोंगर आहे. तेथील लोक त्यावर ठाकुरदेवाची पूजा करितात, आणि त्याच डोंगरांतून अलीकडे लोहखनिज काढलें जात आहे. त्याबरोबर रस्ते आले, कांहींना रोजगार मिळाला, आणि अवजड मालमोटारींची रहदारीहि आली. दुर्गमतेच्या जागीं आतां राखणदार कोण, हा प्रश्न त्यामुळें निकडीचा झाला आहे. त्याचें एक उत्तर याच गडचिरोली जिल्ह्यांत मिळालें आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं धानोरा तालुक्यांतील मेंढा या छोट्या गांवास २००९ सालीं आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. राखणारा आणि राहणारा यांची दीडशें वर्षांची फारकत तेथें निदान कागदावर तरी मिटली.

एटापल्ली-भामरागडकडे जाणाऱ्या प्रवाशानें हिंवाळा पाहून निघावें, साग पाहावे, नद्यांचा संगम पाहावा, आणि वाटाड्या त्याच गांवचा घ्यावा. रानम्हैस दिसली नाहीं म्हणून खंत करूं नये. ग्रामसभा भरली असेल, तर परवानगी मागून घटकाभर तेथें बसावें. या रानाचें पुढें काय व्हावयाचें, याची चर्चा तेथें चालते. आणि तिचा शब्द वर किती ऐकला जातो, यावरच सागाचें आणि रानम्हशीचें आयुष्य अवलंबून आहे.