स्तनाचा कॅन्सर विषाणूमुळे होतो का?

काही महिन्यांपूर्वी एक सासूबाई सुनेचे रिपोर्ट घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. सुनेला स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं होतं. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली करून विचारलं, "डॉक्टर, मोबाईलवर आलंय की हा कॅन्सर व्हायरसने होतो. तिचं ताट-वाटी वेगळी ठेवू का? नातीला तिच्याजवळ झोपू देऊ का?" सूनबाई दाराबाहेरच बसल्या होत्या. हा प्रश्न बऱ्याच घरांत असतो, पण मोठ्याने विचारला जात नाही. म्हणून हा लेख.

थोडक्यात उत्तर

• स्तनाचा कॅन्सर संसर्गजन्य नाही. स्पर्श, एकत्र जेवण, एक अंथरूण किंवा शरीरसंबंध यांतून तो पसरत नाही.
• काही विषाणूंचा या कॅन्सरशी संबंध असावा का, यावर अनेक वर्षे संशोधन चालू आहे. आजवर कोणताही विषाणू कारण म्हणून सिद्ध झालेला नाही.
• त्यामुळे विषाणूची चाचणी किंवा विषाणूविरोधी औषध हा या कॅन्सरच्या तपासणीचा वा उपचाराचा भाग नाही.

ही शंका आली कुठून?

उंदरांपासून. १९३६ मध्ये अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या जातीच्या उंदरांच्या माद्यांना स्तनाचा कॅन्सर खूप होत असे, त्यांची पिल्लं त्यांनी जन्मतःच दुसऱ्या, कॅन्सर कमी होणाऱ्या जातीच्या मादीकडे दूध प्यायला ठेवली. त्या पिल्लांमध्ये पुढे कॅन्सरचं प्रमाण बरंच घटलं. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी जात होतं. तो एक विषाणू निघाला. तो पेशीच्या डीएनएमध्ये स्वतःला घुसवतो, आणि वाढ घडवणाऱ्या एखाद्या जनुकाशेजारी जाऊन बसला तर ते जनुक नको तेव्हा चालू होतं.

मग साहजिकच माणसात शोध सुरू झाला, आणि त्यात मुंबईचाही वाटा आहे. पुण्यात जन्मलेल्या शास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत उंदरांवर काम करून हा विषाणू आणि हार्मोन्स यांचा संबंध अभ्यासला. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त असल्याने त्यांच्या दुधाचीही तपासणी झाली. १९७१ मध्ये अमेरिका आणि मुंबईच्या शास्त्रज्ञांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही नमुन्यांत उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळले. मात्र ते कण म्हणजे माणसाला कॅन्सर देणारा विषाणू, हे पुढे सिद्ध झालं नाही.

कोणकोणत्या विषाणूंवर संशय आहे?

• उंदरांच्या विषाणूसारखा विषाणू: काही प्रयोगशाळांना गाठीत त्याच्या जनुकांसारखे तुकडे सापडले, काहींना सापडले नाहीत. काही ठिकाणी नमुन्यात उंदराचा डीएनए मिसळल्याचं लक्षात आलं.
• एचपीव्ही: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं हे सिद्ध कारण आहे. स्तनाच्या गाठीत मात्र काही अभ्यासांत तो बऱ्याच नमुन्यांत, तर काहींत एकाही नमुन्यात आढळला नाही.
• एपस्टीन-बार विषाणू: आपल्यापैकी बहुतेकांना तो केव्हातरी होऊन गेलेला असतो आणि पांढऱ्या पेशींत आयुष्यभर दडून राहतो. गाठीत पांढऱ्या पेशी असतातच, त्यामुळे तो तिथे सापडणं फारसं काही सांगत नाही.
• गाईंमधील ल्युकेमियाचा विषाणू: काही अभ्यासांत संबंध दिसला, इतरांत दिसला नाही. दूध उकळल्यावर हा विषाणू निष्क्रिय होतो, आणि आपल्याकडे दूध तापवूनच घेतात.

सापडला म्हणजे कारण ठरला असं नाही

चोरीच्या जागी कुणी उभा दिसला म्हणून तो चोर ठरत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये पुरावा पक्का आहे: एचपीव्ही जवळजवळ प्रत्येक गाठीत सापडतो, संसर्ग कॅन्सरच्या कित्येक वर्षं आधी झालेला असतो, आणि लस घेतलेल्या मुलींमध्ये पुढे हा कॅन्सर कमी झालेला दिसतो. स्तनाच्या बाबतीत यातलं काहीच जुळत नाही. गाठींचा संपूर्ण डीएनए वाचणाऱ्या मोठ्या अभ्यासांतही सातत्याने आढळणारा विषाणू मिळालेला नाही.

आणखी एक गोष्ट. एचआयव्ही असलेल्या किंवा किडनी बदललेल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती कमी असते. त्यांच्यात विषाणूंमुळे होणारे अनेक कॅन्सर वाढतात. स्तनाचा कॅन्सर मात्र वाढलेला दिसत नाही.

घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

आईला कॅन्सर होता, मी बाळाला अंगावर पाजू का?
जरूर पाजा. दुधातून कॅन्सर जात नाही. उलट स्तनपानाने आईचा स्वतःचा धोका थोडा कमी होतो. केमोथेरपी चालू असलेल्या आईने मात्र पाजू नये, कारण औषधं दुधात उतरतात. विषाणूचा इथे संबंध नाही.

आई-मावशी-बहीण, सगळ्यांनाच झाला. मग संसर्ग नाही का?
असे रुग्ण एका घरात दिसतात ते बऱ्याचदा अनुवंशिकतेमुळे. साधारण ५ ते १० टक्के रुग्णांत सदोष जनुक पिढीतून आलेलं असतं. अशा घरातल्यांनी जनुकीय चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारावं.

एचपीव्हीची लस घेतली तर स्तनाचाही कॅन्सर टळेल का?
तसा पुरावा नाही. पण गर्भाशयमुखासाठी ती मुलींना वेळेत, शक्यतो ९ ते १४ वयात, नक्की द्या.

विषाणूची तपासणी खरोखर कुठे लागते?

केमोथेरपी सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी करतात. हा विषाणू यकृतात गुपचूप असेल तर केमोच्या काळात उसळून गंभीर कावीळ होऊ शकते. आधी कळलं तर गोळ्यांनी ते टाळता येतं. ही तपासणी झाली आहे का, हे जरूर विचारा.

मग लक्ष कशाकडे द्यायचं?

वाढतं वय, लठ्ठपणा, मद्यपान, पाळी लवकर सुरू होणं किंवा उशिरा थांबणं, दीर्घकाळ घेतलेली काही हार्मोन्स आणि कौटुंबिक इतिहास ही धोका वाढवणारी माहीत असलेली कारणं आहेत. यांतलं एकही नसलेल्या बाईलाही हा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून "माझं काय चुकलं?" असा दोष स्वतःला देऊ नका.

मुंबईत टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख स्त्रियांवर २० वर्षं केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. ५० वर्षांवरील स्त्रियांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सरकारी आरोग्य केंद्रांतही ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी अशी तपासणी असते.

पुढीलपैकी काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा, दुखत नसलं तरी:

• स्तनात किंवा काखेत गाठ
• स्तनाग्र आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त येणं
• कातडीवर खळी, लाली किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा
• एका स्तनाच्या आकारात नव्याने झालेला बदल

त्या सासूबाईंना मी एवढंच सांगितलं: ताट वेगळं करू नका, उलट केमोच्या दिवसांत तिच्या ताटात दोन घास जास्त कसे जातील ते बघा. सर्दी-खोकला झालेल्याने मात्र तिच्यापासून जरा लांब राहा. कारण त्या काळात संसर्गाचा धोका तिच्यापासून तुम्हाला नसतो, तुमच्यापासून तिला असतो.