आधी माणूस, मग मोबाईल

मनाच्या आजारावरचे उपचार मोबाईलमधून गावोगावी नेता येतील, ही कल्पना नवी वाटते. तिच्यामागचा अनुभव मात्र जुना आहे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूत राहायला बोलावले. रुग्णाला कसे सांभाळायचे, हे घरची माणसे तिथे पाहून शिकली. १९७५च्या सुमारास हरियाणातल्या रायपूर राणीत आणि बंगळूरजवळच्या साकलवाड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना व आरोग्यसेवकांना मनोविकार ओळखायला शिकवले गेले. त्यातून १९८२चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आकाराला आला. बळ्ळारी जिल्ह्यात तो अजमावला गेला आणि १९९६पासून जिल्हा कार्यक्रम म्हणून पसरू लागला. मनोविकारतज्ज्ञ मोजके असताना त्यांचे ज्ञान गावातल्या ओळखीच्या माणसाकडे सोपवायचे, हे सूत्र यातून पक्के झाले. यंत्रे आली ती या सूत्रात भर म्हणून. त्याची जागा घ्यायला ती निघाली, तर कुचकामी ठरतील, असे हा इतिहास सांगतो.

२०१०मध्ये चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेने पुदुकोट्टई जिल्ह्यात एक बस फिरवायला सुरुवात केली. बसमधल्या पडद्यावर चेन्नईतले तज्ज्ञ रुग्णाशी बोलत आणि औषधे बसमध्येच मिळत. पण कोणाच्या घरी आजार आहे हे हेरणे, रुग्णाला बसपर्यंत आणणे आणि गोळ्या चालू आहेत ना हे पाहणे, ही कामे स्थानिक कार्यकर्त्यांचीच होती. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात ४१ गावांत राबवलेल्या ‘आत्मीयता’ उपक्रमात हे आणखी स्पष्ट दिसते. तिथे गावातलेच लोक निवडून त्यांना समुपदेशनाचे प्राथमिक प्रशिक्षण दिले गेले. त्यांच्या स्मार्टफोनवर दहा-दहा मिनिटांच्या छोट्या फिल्म होत्या. विषय होते बेकारी, घरातली भांडणे, दारू, बायकोला होणारी मारहाण. एकदम ‘तुला काय त्रास आहे?’ असे विचारले तर माणूस गप्प बसतो. पडद्यावरच्या पात्राबद्दल मात्र तो बोलतो आणि बोलता बोलता स्वतःवर येतो. फोनने विषय काढायचा आणि पुढचे ऐकणे माणसाने करायचे, अशी ही वाटणी होती. पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात हाच उपक्रम मोठ्या प्रमाणावर तपासला गेला, तेव्हा तो लाभलेल्या गावांत त्रासातून सावरणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले.

यावर एक रास्त आक्षेप आहे: ओळखीच्या माणसापाशीच लाज वाटते, गावात बभ्रा होतो. म्हणून तर ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची चोवीस तासांची सेवा मोलाची आहे. तिथे नाव-गाव न सांगता मन मोकळे करता येते. पण ज्या घरात एकच फोन असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो, तिथे बाईने हा क्रमांक फिरवायचा कधी? आणि फोन ठेवल्यानंतर तिला तालुक्याच्या रुग्णालयात नेणार कोण? हेल्पलाइन दार उघडते. दारापासून पुढे सोबत लागते, ती गावातूनच मिळते. बभ्र्याची भीती घालवायची, तर गुप्तता पाळणे हा प्रशिक्षणाचा गाभा असायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरण, सर्वेक्षणे यांतच आशाताई दमून जाते. तिच्या हातात आणखी एक अ‍ॅप कशाला? हे खरेच आहे, आणि त्याचे उत्तर तंत्रज्ञानात नाही. ज्या अ‍ॅपमुळे तिची जुनी वही तशीच राहून वर नवी भर पडते, ते नाकारण्याचा हक्क तिला हवा. या कामाचा वेगळा मोबदला हवा, आणि अवघड प्रसंगी फोन उचलणारा तज्ज्ञ तिच्या पाठीशी हवा. जिल्हा कार्यक्रम अनेक ठिकाणी अडखळला तो प्रशिक्षणानंतरचा पाठपुरावा आटल्यामुळे आणि पदे रिकामी राहिल्यामुळे. तीच चूक मोबाईलवर पुन्हा करायची नसेल, तर निधीचा पहिला हिस्सा माणसांसाठी राखून ठेवला पाहिजे.