सावत्र आजीची कैफियत

श्रोतेहो, जुन्या घराण्यांच्या वंशावळी आपण पाहिल्या असतील. पुरुषांचीं नांवें एकाखालीं एक उतरत येतात. बायकांचीं नांवें क्वचित्. मूळ पुरुषास दोन स्त्रिया असल्या, तर जिच्या पोटच्या शाखेंत आपण जन्मलों ती आपली आजी, आणि दुसरी नुसती ‘सावत्र’. या एका शब्दापलीकडे तिचें चरित्र शोधावें असें सहसा कोणास वाटत नाहीं. असा शोध कसा घ्यावा आणि तो घेतला असतां हातीं काय लागतें, हें आज एका मोठ्या घरच्या उदाहरणानें सांगावयाचें आहे. तें घर भोसल्यांचें. ती स्त्री सोयराबाई. आणि या कथेचा आरंभ भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतला.

वेल्ह्याच्या मुलुखांत राजगड किल्ला आहे. त्याच्या पद्मावती माचीवर सईबाईंची म्हणून एक समाधि दाखवितात. सईबाई या गडावर ५ सप्टेंबर १६५९ रोजीं वारल्या. संभाजीराजे त्या वेळीं अवघे सवादोन वर्षांचे होते. त्यांस दूध पाजणारी धाराऊ ही भोर भागांतील कापूरहोळची, गाडे पाटलांच्या घरची. पुढें याच राजगडावर २४ फेब्रुवारी १६७० रोजीं सोयराबाईंच्या पोटीं राजाराममहाराज जन्मले. एकाच गडाशीं अशा दोन शाखांचा संबंध आला. संभाजीराजांचे पुत्र शाहूमहाराज यांची गादी साताऱ्यास झाली, राजाराममहाराजांच्या वंशाची कोल्हापुरास. म्हणजे तीच स्त्री कोल्हापूरकरांची सख्खी आजी आणि सातारकरांची सावत्र!

आतां साताऱ्याच्या बाजूस तिची आठवण कशी राहिली तें पाहूं. मल्हार रामराव चिटणीस यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सातारा दरबारांत बखर लिहिली. संभाजीराजे रायगडावर येतांच त्यांनीं सावत्र आईवर पतीस विष घातल्याचा आरोप ठेवून तिला भिंतींत चिणून मारिलें, अशी कथा या बखरीनें रूढ केली. साताऱ्यासच रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत सोयराबाईंस हाल करून मारिल्याचें लिहिलें. पुढें नाटकांनीं व कादंबऱ्यांनीं या कथेस रंग चढविले. एका घटनेंत दोघांची अपकीर्ति झाली: आई विषारी ठरली, मुलगा क्रूर ठरला.

परंतु कागद वाचतांना पहिला प्रश्न विचारावा तो हा, कीं हा कागद केव्हांचा व कोणाच्या घरचा? चिटणिसांची बखर घटनेनंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं लिहिलेली. शिवाय लेखकाचे पूर्वज बाळाजी आवजी यांस संभाजीराजांनींच १६८१ मध्यें देहान्त शासन केलें होतें. बखरकार लबाड होता असें मी म्हणत नाहीं. पण ज्या घरांत अशी जखम वाहती होती, त्या घरांत संभाजीराजांविषयींची कोणती गोष्ट जपली जाईल, हें उघड आहे.

याच्या उलट जातीचा कागद पाहावयाचा तर भोर तालुक्यांतील कारी गांवीं यावें. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरीं एक शकावली होती. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या नोंदी. ना अलंकार, ना संवाद. लोकमान्य टिळकांनीं १९१६ मध्यें ती प्रकाशांत आणिली. तिनें शिवजन्माची तिथि शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी दिली, आणि बखरींनीं रूढ केलेली १६२७ सालची समजूत डळमळली. बखर कितीहि रसाळ असो, तिथीपुढें तिला थांबावें लागतें.

हाच न्याय सोयराबाईंस लावूं. शिवाजीमहाराज ३ एप्रिल १६८० रोजीं निवर्तले. संभाजीराजे १८ जूनला रायगडावर आले. त्याच ऑगस्टांत त्यांनीं बाकरे यांस एक संस्कृत दानपत्र दिलें. त्यांत सावत्र मातोश्रींचें अंतःकरण स्फटिकासारखें निर्मळ असल्याचें वर्णन आहे. जिला जूनमध्यें भिंतींत चिणलें, तिचें वर्णन ऑगस्टांत असें कोण करील? सोयराबाईंचा मृत्यु ऑक्टोबर १६८१ मधला. म्हणजे त्या घटनेनंतर सोळा महिने त्या हयात होत्या. भिंतीची कथा एवढ्यानेंच कोसळते.

तथापि वकिली करण्याच्या भरांत दुसरी बाजू झांकूं नये. दहा वर्षांच्या राजारामांस २१ एप्रिल १६८० रोजीं मंचकावर बसविलें गेलें, तें अण्णाजी दत्तो प्रभृतींच्या व सोयराबाईंच्या मतानेंच. त्यांचे सख्खे बंधु सेनापति हंबीरराव मोहिते मात्र संभाजीराजांस मिळाले. १६८१ च्या सप्टेंबरांतील इंग्रजांच्या पत्रांत संभाजीराजांविरुद्धच्या कटांत रामराजाच्या आईचें नांव येतें. अण्णाजी, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी यांस मृत्युदंड झाला, आणि लौकरच सोयराबाईंचाहि अंत झाला. मुलासाठीं राज्य इच्छिणारी, भावाच्या विरोधानें एकटी पडलेली, क्षमा मिळूनहि पुन्हां कटांत ओढली गेलेली अशी ही पट्टराणी. ती निर्दोष नव्हे. पण कथेंतली राक्षसीहि नव्हे.

आपल्या घरच्या पेटींतहि असे कागद असतील: तीर्थोपाध्यायाच्या वहींतील उतारा, वांटणीपत्र, एखादी जुनी टिपणवही. ते काळाच्या क्रमानें लावावे. प्रत्येक कागद कोणाच्या हातचा, हें विचारावें. आणि घरांत ऐकलेली गोष्ट सर्वांत शेवटीं ठेवावी. ‘सावत्र’ हा शब्द नातें सांगतो, स्वभाव सांगत नाहीं. पुढच्या खेपेस राजगडीं गेलांत, तर सईबाईंच्या समाधीपुढें हात जोडाच. पण त्याच गडावर दुसऱ्या एका आईनेंहि पाळणा हलविला होता, तिचीहि आठवण तेथें क्षणभर करावी, इतकीच विनंति.