लाल बावट्याचा फड

माझे वडील ढोलकी वाजवत. पोटासाठी नव्हे, हौसेने. गावच्या यात्रेत एखाद्या फडाचा ढोलक्या आजारी पडला, की वडिलांना बोलावणे यायचे. शेवटच्या काही वर्षांत ते एका फडाची आठवण वारंवार काढत. "अमर शेखांचा आवाज असा, की भोंग्याची गरज नाही," असे म्हणत. त्या फडात आणखी कोण होते, असे विचारले की "अण्णाभाऊ" हे उत्तर तयार असे. पुढे विचारले की ते जरा थांबत आणि म्हणत, "अजून एक होता."

साखर कारखान्याच्या काट्यावर नोकरी करता करता, रद्दीवाल्यांकडून पोवाड्यांच्या जुन्या चोपड्या गोळा करण्याचा नाद मला लागला, तो या "अजून एक" मुळे. तो तिसरा माणूस म्हणजे शाहीर द. ना. गव्हाणकर. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर या तिघांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊंवर आज ग्रंथ आहेत, अध्यासने आहेत, टपाल तिकीट आहे. अमर शेखांचे नाव जुन्या पिढीच्या ओठांवर आहे. पण कलापथक नावाची जी एकत्र वस्तू होती, तिचा इतिहास तिघांच्या चरित्रांत वाटला गेला आणि वाटणीत हरवला. या लेखात मला तो फड म्हणूनच पाहायचा आहे. तो कोठून आला, त्याने काय केले आणि तो का मोडला, एवढाच प्रश्न आहे.

कलापथक मुंबईत जन्मले, कामगार चळवळीत वाढले, हे खरेच. त्यामुळे ती पक्षाने काढलेली प्रचाराची गाडी होती, असे अनेकजण धरून चालतात. माझे म्हणणे वेगळे आहे. त्याची एक मुळी कृष्णाकाठच्या वाळवे तालुक्यात आहे.

अण्णाभाऊंचे वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. १९२० साली ते जन्मले तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. याच तालुक्यातले रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. १८६६ साली जन्मलेला हा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी वतन आणि जात मागे टाकून फडात उतरला. महार-मांग कलावंतांबरोबर जगला आणि १९४५ मध्ये पुण्यात विपन्नावस्थेत गेला. म्हणजे कलापथक स्थापन झाले त्याच्या पुढच्याच वर्षी जुन्या तमाशाचा हा मोठा कवी निवर्तला. एक परंपरा विझत असताना दुसरी पेटली, असे म्हणायचा मोह होतो. पण ती दुसरी नव्हती. तीच होती.

अण्णाभाऊ मांग समाजातले. तमाशा त्यांना पुस्तकातून कळलेला नव्हता. त्यांचे नातलग बापू साठे यांचा फड होता आणि तरुणपणी अण्णाभाऊ त्यात वावरले. शाळा दीड दिवसाची, असे सांगितले जाते. फडाची शाळा मात्र पुरी झाली. लहानपणी घरच्यांबरोबर वाटेगावाहून मुंबईपर्यंत पायी गेलेला हा मुलगा पुढे गिरणीत राबला, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिला, तेथे कम्युनिस्ट कार्यकर्ता झाला. त्याच्या डोक्यात विचार नवा होता. कानात मात्र गावची ढोलकी होती.

या भागाला तमाशातून विचार सांगण्याची सवयही नवी नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सत्यशोधकांचे जलसे सातारा-कोल्हापूरकडच्या गावांतून फिरले. त्यांनी तमाशाचाच साचा घेतला आणि शृंगाराच्या जागी सावकार, भटजी, कुलकर्णी यांना उभे केले. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. कलापथक हा याच साखळीतला पुढचा दुवा आहे.

आता प्रत्यक्ष साचा पाहू. तमाशा उभा राहतो तो गणाने. आधी गणपतीला वंदन, मग गौळण, तीत कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी. त्यानंतर बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. साथीला ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज. मागे झीलकरी. मुख्य गाणाऱ्याची ओळ ते उचलतात, ताणतात आणि त्याला श्वास घ्यायला उसंत देतात. झीलकरी नसेल तर शाहीर अर्ध्या तासात बसतो, हे वडील नेहमी सांगत.

अण्णाभाऊंनी या साच्यात कोठे हात घातला? गण ठेवला, पण वंदन गणपतीऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना केले. गौळण काढून टाकली. बतावणी ठेवली, सोंगाड्या ठेवला. वगात राजा-राणीऐवजी सावकार, शेटजी, पुढारी, गिरणी कामगार आणले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे', 'बेकायदेशीर' ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. 'माझी मुंबई' या वगाचे दुसरे नाव 'मुंबई कोणाची' असे आहे. ही नगरी पैशाने उभी राहिली की हातांनी, हा त्यातला वाद.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. पक्षाचा प्रचारक जेव्हा लोककला 'वापरतो', तेव्हा तो चाल उचलतो आणि तीत आपले शब्द कोंबतो. अण्णाभाऊंनी काय काढायचे आणि काय ठेवायचे, हे फडातल्या माणसाच्या अकलेने ठरवले. सोंगाड्या ठेवला, कारण प्रेक्षक हसला नाही तर तो उठून जातो, हे त्यांना ठाऊक होते.

पोवाड्याचेही तसेच. १९४३ मध्ये त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. व्होल्गाकाठचे शहर परळच्या माणसाला काय माहीत? पण वेढा पडलेली जागा, मूठभर लढवय्ये आणि हटायचे नाही ही जिद्द मराठी कानाला नवी नव्हती. सिंहगडाचा पोवाडा ऐकत वाढलेल्या माणसाला ती लढाई नकाशावाचून समजली. पुढे बंगालचा दुष्काळ, अमळनेरच्या गोळीबारात पडलेले गिरणी कामगार, फाळणीच्या वेळचे पंजाब-दिल्लीतले दंगे, काळा बाजार असे विषय येत गेले. वर्तमानपत्र न वाचणाऱ्यांपर्यंत बातमी पोचवायची आणि ती पाठही करून घ्यायची, हे काम या फडाने केले.

तिघांत कामाची वाटणी असली तरी भिंती नव्हत्या. अण्णाभाऊंची लेखणी सर्वांत समृद्ध. बार्शीचे अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, स्वतः कवी होते, पण त्यांची खरी सत्ता आवाजावर. गव्हाणकरही रचनाकार होते आणि गाणारेही. एक मातंग, एक मुसलमान, आणि तिघेही एकाच डफाभोवती उभे. या चित्राची किंमत फाळणीच्या वर्षांत काय असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

मग बंदी आली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावरच बडगा उगारला. कारण अश्लीलतेचे दिले गेले. पुढे कलावंतांनी दाद मागितल्यावर, संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर मोकळीक मिळाली. पारंपरिक फडांना ही अट जाचक होती. लाल बावट्याला ती गळफास होती, कारण तेथे शृंगार नव्हताच, होता तो सरकारवरचा सवाल. १९४८ नंतर कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली आणि कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बंदी आली. या काळात 'तमाशा'ऐवजी 'लोकनाट्य' हा शब्द रुळला आणि तो रुळवण्यात अण्णाभाऊंचा वाटा मोठा आहे. आज आपण हा शब्द सन्मानाचा म्हणून वापरतो. त्याच्या जन्मात पोलिसांना चुकवण्याची गरजही होती, हे विसरतो.

फड मोडतो तो एका दिवसात नाही. आधी सुपाऱ्या थांबतात, मग साथीदार पोटामागे जातात. कवीकडे लेखणी उरते, गायकाकडे गळा उरतो. ढोलकीवाल्याकडे आणि झीलकऱ्याकडे मात्र फड नसेल तर काहीच उरत नाही. अण्णाभाऊ कथा-कादंबरीकडे वळले. 'फकिरा' १९५९ मध्ये आली, १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. माझ्या मते हे वळण केवळ प्रतिभेचे नव्हते. कादंबरीला साथीदार लागत नाहीत आणि प्रयोगाचा परवानाही लागत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे आवाज पुन्हा मैदानात उतरले. 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड त्या काळाची. मुंबईला आलेल्या गड्याचा विरह सांगता सांगता ती बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावच्या तुटीवर येते. लावणीच्या घरातले गाणे राजकीय सभेचे गाणे कसे होते, याचा याहून चांगला पाठ मला माहीत नाही. १ मे १९६० रोजी राज्य झाले. आंदोलन संपले आणि शाहिरांची गरजही संपली, असे पुढाऱ्यांना वाटले असावे.

तुलनेसाठी आपल्याच मातीतले दुसरे उदाहरण घेऊ. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे, जन्म १९२३. त्यांनीही पोवाडा, भारूड, लोकनाट्य घेऊनच मुंबई गाठली. त्यांची पार्टी टिकली. 'यमराज्यात एक रात्र', 'आंधळं दळतंय' अशी मुक्तनाट्ये तिने केली आणि पुढे 'महाराष्ट्राची लोकधारा' घेऊन ती देशभर गेली. साबळ्यांना १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१५ पर्यंत ते आपल्यात होते. त्यांचे श्रेय कमी करण्याचा हेतू नाही. पण फरक नोंदवला पाहिजे. ज्या पार्टीला दीर्घ आयुष्य लाभले तिच्या मागे गायक, वादक, नर्तक यांची पिढी तयार झाली. लाल बावट्याला जेमतेम काही वर्षे मोकळी मिळाली आणि त्याची गादी कोणाकडे गेली नाही.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले, मुंबईत आणि हलाखीत. त्यानंतर ४२ दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख मोटार अपघातात गेले. एकाच पावसाळ्यात फडाचे दोन खांब पडले.

गेल्या १ ऑगस्टला मी वाटेगावला गेलो होतो. जयंतीची गर्दी होती, मोठमोठे फलक होते, ध्वनिवर्धकांच्या भिंती होत्या. सगळीकडे अण्णाभाऊ एकटे, हातात पुस्तक किंवा लेखणी. डफ धरलेले, शेजारी दोघेजण उभे असलेले अण्णाभाऊ मला एकाही फलकावर दिसले नाहीत. लेखक म्हणून त्यांना मोठे करताना आपण त्यांना फडातून बाहेर काढले आहे. वरच्या समाजाला लेखक मान्य होतो, तमासगीर होत नाही, हे त्यामागचे जुने कारण आहे. दुःख याचे, की आता आपणही ते मान्य केले.

परत आल्यावर वडिलांची ढोलकी खाली काढली. शाई सुकून तडकली आहे, वाद्या सैल झाल्या आहेत. ती पुन्हा मढवून घ्यायला हवी. यंदाच्या यात्रेत पोरे जमवून एखादा पोवाडा उभा करावा असे मनात आहे. गाणारा मिळेल, त्याची चिंता नाही. झील धरायला कोण येईल, हे आधी पाहिले पाहिजे.